अर्ध्या विडीची शर्यत

फच्याक्… फच्याक्… फच्याक्… छप्पन्न सालचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तुम्ही मला सांगता, पावसात घोडा जोरात पळतो? अहो, कुणी सांगितलं? पाऊस पडला की घोडा पाय टाकतो एकीकडे, पाय जातो दुसरीकडे, मग तो चिखलातून उपटायचा, मग पुढचा टाकायचा… यात वेळ जात नाही? तुम्हाला सांगतो, ओल्याचं गणित वेगळं असतं.

हे गणित माझं नव्हे हो, मी दुसरीतच शाळा सोडलेली. हे वजीरचं. वजीर म्हणजे दापोडीचा टांगेवाला, तरुणपणी पुण्याच्या रेसच्या मैदानावर मोतद्दार होता, घोड्यांना खरारा करायचा, साहेबांच्या शिव्या खायचा. तो सांगायचा, तिथं पाऊस झाला की एक साहेब काठी घेऊन मैदानात जातो आणि जमिनीत खुपसून बघतो, काठी किती आत जाते त्यावर सगळा अंदाज. कोरड्यात दीड मिनिटात येणारा घोडा ओल्यात पाच-सहा सेकंद उशिरा येणार म्हणजे येणार. आणि कुंपणाजवळची जमीन रोज तुडवून लोणी झालेली, म्हणून शहाणा जॉकी लांबच्या अंगानं नेतो, वाट वाढते पण पाय मोकळा राहतो. हे सगळं तो टांग्यावर बसून इतकं रंगवून सांगायचा की गिऱ्हाईक गाडी चुकवायचं!

तर आमच्या पिंपरी स्टेशनच्या टांग्यांची एक रीत होती. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शर्यत. जो जिंकेल, त्याचा टांगा वर्षभर अड्ड्यावर पहिला उभा, आणि ज्याचा पहिला नंबर गेला, त्यानं जिंकणाऱ्याच्या जुन्या जागी जायचं. पहिला म्हणजे काय? औषधाच्या कारखान्यात जाणारे पाहुणे, सपाट सडक, चिंचेची सावली. आणि शेवटचा म्हणजे? भोसरीची कांद्याची पोती. मी त्या साली शेवटचा होतो. माझी मैना चौदा वर्षांची, पुढच्या दोन्ही गुडघ्यांना सूज. रोज संध्याकाळी मी गरम पाण्यानं शेकायचो आणि ती माझ्याकडं अशी बघायची, जणू कांदे मीच खाल्लेत. आणखी एक वर्ष पोती ओढली असती तर बसलीच असती ती, उठली नसती.

आता शर्यत कशी? टांगा सोडायचा, पाठीवर गोणपाट टाकायचं, चिंचेपासून निघून पवनेकाठच्या शेंदऱ्या दगडाला वळसा घालायचा आणि परत. गाडीवाट अरुंद, दोन घोडे मावत नाहीत, म्हणून एकेकानं पळायचं. आणि वेळ मोजायची कशानं? घड्याळ होतं स्टेशन मास्तरकडं, पण तो द्यायचा नाही. म्हणून विडी! घोडा सुटला की हमालांचे मुकादम सोपानराव विडी पेटवणार, एकसारखी ओढणार, घोडा परत आला की बोटानं दाबून विझवणार. ज्याची विडी जास्त उरली तो जिंकला. एकदा पेटवली की दुसरी काडी लावायची नाही. कारण एका साली लावली होती आणि तीन दिवस भांडण चाललं होतं.

सकाळी वजीर पळाला. भुई कोरडी. अर्धी विडी. दोन वर्षं पहिला नंबर त्याचाच होता, तिसऱ्यांदाही त्याचाच दिसत होता. मग आभाळ फाटलं. दौलतराव पळाला तर घोडा वळणावर घसरला, सबंध विडी जळून सोपानरावांचं बोट भाजलं. आणि मग मी. अहो, माझं नशीब बघा… वजीर कोरड्यात, आणि मी ओल्यात. आणि ओल्याचं गणित वेगळं असतं!

वजीर माझ्याजवळ आला. भिजून चिंब. म्हणाला, "कोंडाजीभाऊ, घट्ट चिखल दिसतो तिथून नेऊ नका, तो पाय धरतो. पाणी साचलंय तिथून न्या, खाली भुई टणक आहे. वळसा मोठा घ्या. आणि चाबूक इथंच ठेवा." मी चाबूक त्याच्या हातात दिला. मग बघतो तर हा सोपानरावांकडं गेला, कानामागची विडी काढली आणि म्हणाला, "मुकादम, तुमचं बंडल संपलं ना, ही घ्या." मला राग आला. घोडी उभी भिजतेय, आणि हे विड्या वाटताहेत!

सुटलो. फच्याक्, फच्याक्… पाणी दिसेल तिथून नेली. पण मैना कसली हो, तिला पाण्यातून नेलं तर ती मधेच थांबली आणि पाणी प्यायली! सावकाश! मी पाठीवर बसून म्हणतोय, "बाई, चल, बाई, कांदे आठव." दगडाला वळसा एवढा मोठा घेतला की कोणाच्या तरी भुईमुगातून जाऊन आलो. परत आलो तेव्हा मला वाटलं, सोपानरावांनी दोन विड्या संपवल्या असतील.

आणि सोपानराव छत्रीखाली उभे. गाल आत गेलेले, डोळे बाहेर आलेले, ओढताहेत, ओढताहेत… विडी नखभर जळलेली. "कोंडाजी," म्हणाले, "धूरच न्हाई येत रं, पण नियम तो नियम. जिंकलास तू." अड्ड्यात असा विक्रम पुन्हा झाला नाही. पाणी पिऊन!

सगळ्यांनी नारळ फोडला. मी ती विझलेली विडी उचलली. सोपानरावांच्या विडीला लाल दोरा असायचा. हिला हिरवा. हिरवा दोरा फक्त वजीरचा. आणि अख्ख्या पावसात बोडक्यानं उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानामागची विडी… मला सांगा, ती जळणार कशी? घोड्यांत हयात घालवलेल्या माणसाला ओलं म्हणजे काय ते कळत नाही?

मी त्याला गाठलं. म्हटलं, "वजीर, ही तुझी विडी. पहिला नंबर घालवलास की रे."

त्यानं माझा चाबूक मला परत दिला. खाली वाकला, मैनेच्या गुडघ्यावरचा चिखल आपल्या रुमालानं पुसला, सुजेवरून एकदा हात फिरवला. मग त्यानं रुमाल पिळला, आपल्या घोड्याचा लगाम धरला, आणि शेवटच्या नंबरावर, जिथं पोती पडली होती, तिकडं चालत गेला.

फच्याक्… फच्याक्… फच्याक्.

आता वजीरही राहिला नाही, ओल्याचं गणित मी कुणाला विचारू?