माजघरातला कापूस

दिनांक ९ जानेवारी २०२५, सायंकाळी पावणेपाच

नाव डॉ. करुणा यशवंत हिवराळे, वय ६७ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त शास्त्रज्ञ (विषशास्त्र), राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर.

मी आज ठाण्यात आपण होऊन हजर राहिले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी पढवलेलेही नाही. समक्ष सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे शालेय शिक्षण याच शहरातील कॉन्व्हेंटमध्ये झाले. पुढे रसायनशास्त्र व विषशास्त्र शिकून मी एकतीस वर्षे परराज्यातील एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली. रसायने मेंदूवर आणि मज्जातंतूंवर काय परिणाम करतात ते तपासायचे आणि एखादे औषध माणसाच्या अंगाला, श्वासाला किती लागले तर चालेल याची मर्यादा ठरवायची, हे माझे काम होते. हे सांगितल्यावर साहेबांनी माझा दवाखाना कुठे आहे असे विचारले. दवाखाना नाही, मी उंदरांवर काम केले आहे, असे मी सांगितले. त्यावर ‘म्हंजे उंदरांच्या डॉक्टर’ असे कोणीतरी मागून म्हणाले व दोघे-तिघे हसले. हसणे जबाबात घ्यावे. उंदरांना जे होते तेच माणसांना होते, फक्त उंदरांच्या सुनेला कोणी अटक करत नाही.

आपल्या ताब्यात असलेली सोनिया अभय दाभाडे, वय २८, ही माझी धाकटी बहीण सुरेखा हिची मुलगी आहे. सुरेखा हयात नाही. सोनियाचे सासर दौलताबाद शिवारात वस्तीवर आहे. घरात सासू भामाबाई, नवरा अभय, सोनिया आणि त्यांची चार वर्षांची मुलगी विशाखा असे चौघे राहतात. मी मावशी असल्याने माझे बोलणे एका बाजूचे धरले जाईल, हे मला कळते. परंतु मी जे सांगणार आहे ते घरात जाऊन पाहता येते. नात्याचा त्याच्याशी संबंध नाही.

सोमवारी पहाटे भामाबाई अंथरुणात बेशुद्ध सापडल्या. तोंडाला फेस होता, अंग घामाने भिजले होते. त्यांना शहरात सरकारी रुग्णालयात दाखल केले, त्या अजून कृत्रिम श्वासावर आहेत. डॉक्टरांनी विषबाधा लिहिले. ते बरोबर लिहिले, विषबाधाच आहे. तोंडावाटे असे त्यांनी कुठेही लिहिलेले नाही, ते नंतर जोडले गेले. अभयने सोनियावर जेवणातून विष घातल्याची तक्रार दिली आणि मंगळवारी सोनियाला अटक झाली.

दाभाड्यांचा यंदाचा कापूस वेचून झाल्यापासून घरातच आहे. भाव येईपर्यंत आपल्या भागात घरोघर असाच ठेवतात, ते आपणास सांगायला नको. त्यांच्या माजघरात ही रास एका कोपऱ्यात माळ्याला टेकलेली असून पुढे जमिनीपर्यंत उतरत आलेली आहे. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. दिवाळीनंतर घरातली माणसे रात्र रात्र अंग खाजवत बसू लागली, तेव्हा अभयने पाठीवरचा फवारणीचा पंप घरात आणला आणि शेतातले उरलेले औषध राशीवर मारले. खाज थांबली. काही दिवसांनी पुन्हा सुरू झाली, त्याने पुन्हा मारले. शेवटची फवारणी नवीन वर्षाच्या आदल्या दिवशीची आहे. हे मला सोनियाने त्या त्या वेळी फोनवर सांगितले. डब्यावरचे नाव तिने मला वाचून दाखवले होते. ते ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले, म्हणजे मज्जातंतूंवर चालणारे कीटकनाशक आहे. उघड्या शेतात ते वाऱ्याने उडून जाते. बंद खोलीत त्याची वाफ भरून राहते, कापसात मुरते आणि कातडीतूनही आत जाते. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि थंडीमुळे तिला पोते लावलेले आहे.

भामाबाईंना कंबरदुखीचा त्रास आहे. कापसाची ऊब लागते म्हणून त्या राशीवरच गोधडी टाकून झोपत. महिनाभर त्यांना पहाटे मळमळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, हातापायांचे स्नायू आपोआप फडफडणे, असे होत होते. शेतात गेल्यावर दुपारपर्यंत बरे वाटे. मधे त्या सिल्लोडला लेकीकडे आठवडाभर राहिल्या, तर एकदम ठणठणीत झाल्या. परत आल्या आणि तिसऱ्या पहाटेपासून तेच. यावरून वस्तीवर बोलणे सुरू झाले की, लेकीच्या हातचे खाल्ले तर म्हातारी बरी, सुनेच्या हातचे खाल्ले की आजारी. आपल्या तपासातही हेच लिहिले आहे. माझे म्हणणे, लेकीकडे बरी होती कारण लेकीच्या घरात कापूस नव्हता. जेवणातून विष गेले असते तर त्रास जेवणानंतर झाला असता, पहाटे चहाच्याही आधी नव्हे. त्या घरातली मांजर राशीत पिले घालायला बसली होती, ती डिसेंबरात पिलांसकट मेली. मांजर सोनियाच्या हातचे पिठले खात नव्हती.

शेजाऱ्यांनी सांगितलेले भांडण खरे आहे. कापूस बाहेर पडवीत काढा, नाहीतर मी पोरीला घेऊन तिथे झोपणार नाही, असे सोनिया माझ्या सांगण्यावरून म्हणत होती. भामाबाई म्हणाल्या, शहरातून आलेल्यांना कापूस टोचतो. त्यावर सोनिया म्हणाली, "झोपा मग त्याच्यावर अन् मरा एकदाच्या." हे शब्द तिचेच आहेत, मी नाकारत नाही. माझ्या वरिष्ठांना मी मनातल्या मनात याहून वाईट म्हटलेले आहे, ते सर्व अजून पेन्शन घेत आहेत. त्या दिवसापासून सोनिया मुलीला घेऊन पडवीत, थंडीत झोपू लागली. ती आणि विशाखा आजारी पडल्या नाहीत याचे कारण एवढेच आहे. अभयचे पोट महिनाभर बिघडलेले आहे व त्याला धूसर दिसते, हे त्याने आपल्याला सांगितले नसेल. तो भिंतीकडेला, राशीपासून लांब झोपतो.

अभय वाईट माणूस नाही. परंतु स्वतः मारलेल्या पंपाने आईची ही गत झाली, हे त्याला सोसणार नाही. बायकोने विष घातले हे सोसते. म्हणून तो ते धरून बसला आहे.

आता मुख्य बाब. सोनियाला अटक झाल्यापासून, म्हणजे दोन रात्री, विशाखा माजघरात झोपते आहे. आईविना रडते आणि बाहेर गारठा आहे म्हणून अभयने तिला भामाबाईंच्याच गोधडीवर, राशीवर निजवले. आज सकाळी त्याने मला व्हिडिओवर मुलगी दाखवली, ती आईला मागत होती म्हणून. तिच्या फ्रॉकचा पुढचा भाग लाळेने ओला होता. डोळे गळत होते. घरात अंधार होता. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी व्हायला पाहिजे. तिच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. अभयला मी सांगितले की तिला आत्ता दवाखान्यात ने. तो म्हणाला सर्दी आहे, खोकल्याचे औषध दिले आहे. नंतर फोन लागला नाही.

मी दुपारी रिक्षा करून वस्तीवर गेले. अभय दारात उभा राहिला व मला आत जाऊ दिले नाही. शेजारची माणसे जमली होती. मी त्याला खिडकीचे पोते तरी काढ म्हणाले. तो म्हणाला, "मावशी, तुमचं शिक्षण तुमच्यापाशी ठेवा. आमच्या बापजाद्यांनी कापसावर झोपून जन्म काढला, कोणी मेलं नाय." मी म्हणाले, तुझ्या बापजाद्यांनी घरात पंप मारला नव्हता. त्यावर त्याने दार अर्धे ओढून घेतले. मग म्हणाला, "तुम्हाला पोरगी न्यायचीय, केस फिरवायला." आणि दार लावून घेतले. ते दार मी हाताने वाजवत राहिले. शेजारच्या बाईंनी मला पाणी दिले आणि रिक्षात बसवले.

तेथून मी थेट ठाण्यात आले. आपल्या परवानगीने मला सोनियाला भेटता आले. मी वकिलाचे बोलू लागले. ती गजापाशी आली आणि म्हणाली, "मावशी, वकील राहू दे. मला ठेवू दे इथंच, वर्षभर ठेवू दे. विशूला त्या खोलीतून काढ फक्त." एवढेच बोलली. पुन्हा तेच बोलली.

साहेबांचे म्हणणे असे की, जेवणाचे नमुने तपासणीला गेलेले आहेत, अहवाल आल्यावर बघू, कापसाचेही बघू, आणि उद्या सकाळी एक माणूस वस्तीवर पाठवू. अहवाल मार्चमध्ये आला तरी माझी हरकत नाही. उद्या सकाळला माझी हरकत आहे. वस्तीवर दिवेलागणीला पोरांना जेवू घालून निजवतात आणि दार लावतात. आता पाच वाजून गेले आहेत.

नोकरीत मी ज्या मर्यादा ठरवल्या, त्या साठ किलो वजनाच्या माणसासाठी असत. तो आठ तास काम करी आणि उरलेला वेळ घरी स्वच्छ हवेत राही, असे धरलेले असे. विशाखा तेरा किलोची आहे आणि तिचे घर हीच ती खोली आहे. तिच्यासाठी आकडा काढायचे मला कोणी कधी सांगितले नाही, कारण फवारलेल्या राशीवर कोणी लेकरू निजवील असे प्रयोगशाळेत बसून सुचत नाही. भामाबाईंना बेशुद्ध व्हायला महिना लागला. विशाखाला किती लागेल हे मला नक्की सांगता येत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माझे उत्तर हेच आहे, की मला माहीत नाही, आणि म्हणून मी आज रात्र जाऊ देणार नाही.

सोनियाला सोडा असे मी आज म्हणत नाही. तिचे नाव या जबाबातून काढले तरी चालेल. माझे म्हणणे खोटे ठरवायचे असेल तर उद्या ठरवा, मी खुर्चीवर बसून ऐकेन. मी साहेबांपुढे हात जोडले. शाळेतल्या प्रार्थनेनंतर मी कोणापुढे हात जोडलेले नाहीत. साहेब म्हणाले, मावशी, असं करू नका. मी म्हणाले, मग तुम्ही काहीतरी करा.

जो कोणी जाईल त्याने आधी दार व खिडकी उघडावी, थोडे थांबून मग आत जावे. कापसाला उघडा हात लावू नये. मुलीचे सगळे कपडे तिथेच काढून टाकावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे, केससुद्धा. नंतर तिला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना ऑर्गॅनोफॉस्फेट हा एकच शब्द सांगावा. पुढचे त्यांना येते. अभयलाही तपासावे. कापूस विकू देऊ नये व जाळूही देऊ नये.

हा जबाब लिहून घेणारे हवालदार कृष्णा सोनवणे मंगळवारच्या पंचनाम्याला होते. स्वयंपाकघरातली भांडी, पीठ, ताटे यांचा पंचनामा झाला. तो त्यांनी माजघरात बसून लिहिला, कारण बसायला मऊ जागा तिथेच होती. मी त्यांना विचारले की, त्या संध्याकाळी आपल्याला काही त्रास झाला का. त्यांनी लिहिणे थांबवले. साहेबांकडे पाहिले. मग म्हणाले, "साहेब, डोकं लई दुखत व्हतं. डोळ्यानं नीट दिसंना. गाडीवरून येताना उलटी बी झाली. मी म्हणलं, त्यांच्या घरचा चहा बाधला." साहेबांनी विचारले, चहा कोणी केला होता. हवालदार म्हणाले, चहा घेतलाच नव्हता, कपबशा पंचनाम्यात होत्या.

यानंतर साहेबांनी गाडी काढायला सांगितली आणि एका महिला पोलिसाला सोबत घेतले.

माझे वरील म्हणणे मला वाचून दाखवण्यासाठी हवालदारांनी पहिले पान उचलले होते. मी त्यांना ते खाली ठेवायला लावले. न ऐकता, न तपासता मी सही करत आहे. काही कमीजास्त लिहिले गेले असेल तर मुलगी बाहेर आल्यावर दुरुस्त करू, किंवा नाही केले तरी चालेल. मी गाडीत सोबत जात आहे. दुपारी दार लावल्यानंतर आतून विशाखाने मला दोनदा आजी म्हणून हाक मारली होती. तिसऱ्यांदा ती मारायला लागली आणि तिला खोकला आला. त्यानंतर मी बराच वेळ दाराला कान लावून उभी होते.

सही – करुणा हिवराळे