केरोबाची दाढ

मंडळी, देवानं माणसाला तोंड दिलं, ते कशाला हो? खायला? बैलही खातो! बोलायला? पोपटही बोलतो! मग आपल्याच तोंडाचा एवढा तोरा कशाला? सांगतो. आधी ते मागं घोरतायत त्यांना जरा हलवा. हं, ऐका!

एक होतं धरण. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठ उघडा पडायचा, आणि काठावर काय? गारगोट्या! मधासारख्या, दुधासारख्या, आत कांद्यासारखे पदर! काठ सगळ्यांचा, कुणीही यावं, वेचावं. गावची रीत एकच — त्या दिवशीचा सगळ्यांत देखणा दगड महादेवापुढं ठेवायचा. बाकीचे घरी न्या!

एकदा दोघे साडू निघाले. केरोबा आणि निंबाजी. निंबाजी भोळा, आवाज म्हणाल तर माठात अडकलेलं मांजर! आणि केरोबा? त्यानं आरतीला तोंड उघडलं की पलीकडच्या गावातल्या म्हशी दूध चोरायच्या. खोटं वाटतं? त्या म्हशींना विचारा!

आता गारगोटीची एक खोड असते. वाळली की जुन्या बटाट्यासारखी दिसते, ओली झाली की रंग उघडते. म्हणून जाणकार काय करतो? चाटतो! केरोबानं एक बटाटा उचलला, चाटला — अहाहा! आत जणू सूर्य मावळतोय! आणि तेवढ्यात पाठीमागून, "काय साडूभाऊ, गावलं का काही?"

दाखवला तर महादेवाचा! केरोबानं काय करावं? टाकला गालात!

"उं हूं!"

"अहो, गाल केवढा सुजलाय! दाढ?"

केरोबानं मान हलवली. दाढच!

"अरेरे! बघू, आ करा!"

आ करतोय होय! केरोबा चार पावलं मागं!

"थांबा, त्या होडीत मासे धरतायत ना, त्या भोयांकडं लवंग असेल. आणतो!" असं म्हणून निंबाजी जवळची वाट म्हणून गाळावरून निघाला. गाळ कसा? वरून पापड, खाली खीर! पापड मोडला — निंबाजी कमरेपर्यंत आत!

"साडूभाऊ! भोयांना हाक मारा!"

भोयांची पाठ इकडं, वारा उलटा. निंबाजीचं मांजर तिथवर पोचायचं नाही. केरोबाचा आवाज पोचला असता. पण तोंडात काय?

कुणी म्हणेल, बुवा, पाठ फिरवून दगड मुठीत घ्यायचा की! अहो, ही युक्ती तुम्हाला किती चटकन सुचली! सुचली त्यालाही. पण बुडणाऱ्याची नजर कुठं असते? काठावरच्या माणसावर! आणि निंबाजी तर पापणीसुद्धा हलवेना!

मग केरोबानं हात हलवले. उड्या मारल्या. धोतराचा सोगा फडकवला. एका भोयानं वळून पाहिलं — आणि त्यानंही हसून हात हलवला! राम राम झाला, भोई पुन्हा जाळ्याकडं!

गाळ निंबाजीच्या छातीला लागला. तेव्हा तो काय म्हणाला ठाऊक आहे?

"राहू द्या, साडूभाऊ. ओरडलात तर दाढेला कळ लागेल. फक्त आमच्या हिला सांगा, मी लवंग आणायला गेलो होतो..."

मंडळी! गालातला दगड त्या शब्दानं निखारा झाला हो!

"धावाऽऽऽ!"

पलीकडच्या म्हशी दावणी तोडून पळाल्या! दगड उडाला तो निंबाजीच्या नाकासमोरून गेला — डुबुक! भोई आले, फळ्या टाकल्या, दोर टाकला, केरोबाही गाळात उतरला, ओढून काढला निंबाजीला.

काठावर दोघे बसले. गाळानं माखलेले, ओळखू येईनात. केरोबाची मान खाली. निंबाजी हळूच म्हणाला,

"पडली वाटतं दाढ?"

"...पडली."

"सुरेख होती हो! कांद्यासारखे पदर होते तिला."

तर भोळा कोण, ते तुम्हीच ठरवा! महादेवानं आपला वाटा जागच्या जागी घेतला आणि केरोबाला तोंड परत दिलं. तोंड कशाला, हे कळलं? दुसरा बुडत असताना उघडायला! आणि देवाचं नाव घ्यायला. त्यात दुसरं काही भरलेलं असलं, तर दोन्ही जमत नाही.

आता मी नाम घ्यायला सांगणार. ज्याचं तोंड उघडणार नाही, त्याच्या गालात काय आहे ते सगळ्या गावाला कळणार! काय हो, खांबाला टेकलेले? दाढ दुखतेय? की तंबाखू? जा, थुंकून या. देव थांबतो, आम्हीही थांबतो.

आलात? हं, उघडा आता. त्या म्हशींना ऐकू जाऊ द्या — विठ्ठऽऽल!