इस्त्री विभागात मुकादम एकच

थोरली : आधी दार लाव. कडीपण घाल.

धाकटी : काय झालं ताई? वरच्या मजल्यावरून खाली यायला एवढी धाप?

थोरली : हळू बोल. भाऊजी घरात आहेत?

धाकटी : मुलीला आणायला गेलेत. तुमच्या दिरापासून लपवण्यासारखं काय आहे एवढं?

थोरली : तो मोबाइलवरचा सर्व्हे आठवतो? कॉलेजवाल्यांचा. कामावर कसं वाटतं, काय त्रास होतो. रोज टुणटुण वाजायचा.

धाकटी : भरला की मी. सोमवारी लिहिलं पाय दुखतात, मंगळवारी लिहिलं पाय दुखतात. पाय तेच, मग उत्तर वेगळं कुठून आणू?

थोरली : तुला चेष्टा सुचतेय. शुक्रवारी त्याचा अहवाल मॅनेजरच्या हातात पडणार. लोकांनी जे लिहिलंय ते जसंच्या तसं.

धाकटी : पडू दे. नाव कुठे विचारलं होतं?

थोरली : नाव नाही, हुद्दा विचारला होता. मी भाबडेपणाने टिचकी मारली. विभाग, इस्त्री. हुद्दा, मुकादम. आता तूच सांग, इस्त्रीत मुकादम किती आहेत?

धाकटी : तुम्ही एकट्याच... अगं बाई.

थोरली : मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी गत झाली माझी.

धाकटी : पण लिहिलंत तरी काय? मॅनेजरला शिव्या घातल्यात?

थोरली : घातल्या असत्या तर बरं झालं असतं, माफी मागून सुटले असते. तू एक कर. सर्व्हेच्या खाली त्यांचा नंबर आहे. फोन लाव नि माझं उत्तर खोडायला सांग. असल्या लोकांपुढे माझी बोबडी वळते.

धाकटी : तुमची? सगळी लॉण्ड्री तुमच्या आवाजाला कापते!

थोरली : हात जोडते तुला. ह्या वयात काढलं तर मला कोण ठेवून घेणार?

धाकटी : लावते हो. पण कोणतं उत्तर, ते विचारतीलच. काय सांगू?

थोरली : कामावर कशाची भीती वाटते, असा प्रश्न होता.

धाकटी : आणि?

थोरली : मी लिहिलं, 'रोज सकाळी मी मशीनची लाल पट्टी तारेने बांधून ठेवते. त्या मशीनवर माझी धाकटी जाऊ काम करते.'

(धाकटी हातातला मोबाइल खाली ठेवते.)

धाकटी : लाल पट्टी म्हणजे चादर ओढून घेणाऱ्या गरम रुळांच्या पुढची? बोटं लागली की मशीन थांबवते ती?

थोरली : तीच.

धाकटी : हल्ली मशीन मधेच थांबत नाही. मला वाटलं मिस्त्रीने दुरुस्त केलं. बरं वाटलं होतं मला, ताई.

थोरली : हॉस्पिटलच्या जाड चादरी यायला लागल्या. शिवण पट्टीला लागायची, मशीन सारखं बंद पडायचं. मॅनेजर म्हणाला, बांधून टाक. वाटलं, दोन दिवसांचं काम असेल.

धाकटी : परवा माझी बाही ओढली गेली. तुम्ही केवढ्याने ओरडलात. मी मनात म्हटलं, मुकादमीण बाई आज माझ्यावर का उखडल्या?

थोरली : तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही गं. त्याच संध्याकाळी मोबाइल वाजला. त्याने विचारलं, मी सांगून टाकलं.

धाकटी : मोबाइलला सांगितलंत. मला नाही.

थोरली : तुझ्या तोंडाकडे बघून सांगवलं नसतं.

धाकटी : ह्याच हातांनी मी रोज त्यात चादर घालते.

थोरली : फोन लाव, बाई. ते खोडलं की मग बघू तारेचं.

धाकटी : मग कोणी बघणार नाही. थांबा, लागला... हॅलो? लॉण्ड्रीच्या सर्व्हेबद्दल बोलायचं होतं. इस्त्री विभाग. कशाची भीती वाटते, त्यात तारेचं उत्तर आहे बघा... हो, तेच. त्यातला मुकादम हुद्दा काढाल का? माणूस ओळखू येतं हो. जावेचंही काढा. नाही नाही, सगळं नका खोडू. 'लाल पट्टी तारेने बांधलेली असते', एवढं राहू द्या... नक्की ना? उपकार झाले.

थोरली : अगं, काय केलंस हे! मॅनेजरला संशय येणार.

धाकटी : सगळ्यांवर येईल. मशीन काय झाकून ठेवलंय? कोणीही बघितलं असेल.

थोरली : आणि उद्या? उद्या सकाळी तो येऊन उभा राहिला, म्हणाला बांध, तर?

धाकटी : मला नाही माहीत. मलाही भीती वाटतेय, ताई. पण उद्या चादर घालायच्या आधी मी त्या पट्टीला हात लावून बघणार. तुमच्यासमोर.