ठरवते कोन?

पैसा कोन्या गावाले द्यायचा, हे ठरवते कोन? एवढंच तर इचारलं होतं मी... अर्पिता मॅडमले इचारलं, त्या गोऱ्या साहेबाले इचारलं, सरपंचाले तर अर्धी दाढी झाली असतानी इचारलं. जो तो दुसऱ्याकडंच बोट दाखवते. मी चौथीतून पळालेला मानूस, तुम्हाले सांगतो, एक गोष्ट डोक्यात घुसली का बसू देत नाही.

आमचं गाव वरवट बकालच्या अंगाले. बोअरचं पानी खारं. चहा फाटते, दाळ शिजत नाही, अन् मानसाच्या किडन्या जातात. माह्या मोठ्या भावाच्या, देवानंददादाच्या, गेल्याच होत्या. तेवढ्यात हे पाव्हने आले, दूरच्या देशातले, हवामान बदललं म्हनून पैसा वाटनारे; थो गोरा साहेब, अन् त्याचं बोलनं आमाले मराठीत सांगनाऱ्या अर्पिता मॅडम. पानी गोडं करायची मशीन कोन्या गावात बसवाची ते पाहाले. मंग आमी काय केलं? अंगनं सारवली, पोराईचे केस विंचरले, अन् दादा... सुजलेल्या पायानं मोटरसायकल काढून दुसऱ्या गावाहून गोड्या पान्याची कॅन घेऊन आला.

मी म्हनलं, "अरे दादा, त्याईले आपलंच पाज ना, थेच तं पाहाले आले."

तं मले म्हनते, "घरी आलेल्या मानसाले खारं पाजू? लाज हाय का तुले?"

साहेब गटागटा पेला. मॅडम गोड आवाजात म्हनल्या, "सर म्हणतात, पाणी छान आहे."

झालं. पुढं मॅडमनं समजावलं, "हे बघा, तुमचं पाणी आजोबांच्या काळापासून खारं आहे ना? मग ते हवामान बदलात बसत नाही. शेजारच्या गावात आत्ता खारं झालंय. शिवाय तिथं रस्ता आहे, काम लवकर दिसतं." म्हंजे आमी लय पयलेपासून मरून राह्यलो, हे आमचं चुकलं? बरं, असा नियम ठरवते कोन? मॅडमनं बोट वर केलं. वर म्हंजे कोठं बाई, मुंबई, का दिल्ली, का थेट ढगात?

मशीन शेजारी बसली. दादा पोळ्याच्या आधी गेला. माय अजूनही दोन ताटं वाढते अन् मंग एक उचलून ठेवते... जाऊ द्या.

काल त्या मशीनचं उद्घाटन. पाव्हन्याईच्या ड्रायव्हरनं जवळचा रस्ता म्हनून गाडी आमच्या शिवारातून घातली, अन् पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत पार अर्ध्या चाकापरेंत रुतली. मले समजलं तसा मी काठी घेऊन पळालो. शिव्या तं अशा जमवल्या होत्या, साहेबाले भाषांतराची गरजच नव्हती. आज इचारूनच सोडतो, ठरवते कोन?

साहेब खाली उतरला होता. एक बूट चिखलात, एका पायात नुसता मोजा. मॅडमनं त्याच्या कानात सांगतलं, पानी पाजनाऱ्या देवानंदचा भाऊ, देवानंद वारला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली अन् तसाच एका पायावर उभा राह्यला, मले पाहत. डोये भरलेले.

मी तोंड उघडलं. अन् निघालं काय? "ड्रायव्हर, पयला गेर टाक."

काठी चाकाखाली देली, खांदा लावला. सारा चिखल थोबाडावर घेतला, अन् त्याईची गाडी ढकलून शेजारच्या गावाच्या रस्त्याले लावून देली.