भिकुबाईची बारी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान झालेले मामलेदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती रावसाहेब लीलाधरनाना, नगरशोभा मंडळाचे सभासद, खुर्ची मिळाली म्हणून खूश असलेले व मिळाली नाही म्हणून रुसलेले धुळेकर बंधूंनो, आणि कनातीपलीकडे बसलेल्या भगिनींनो,

माझ्या आधीच्या सर्व वक्त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की नानांनी गावाला बाग दिली. नाना उद्या पुण्याला मुलाकडे कायमचे राहायला जाणार, तेव्हा आज गोडच बोला, असा मंडळाचा मला आग्रह आहे. प्रयत्न करतो. पण मी पडलो पाटाच्या पंचांपैकी एक. आमच्या तोंडी साखर जरा उशिराच येते.

आपण बसलो आहोत ती जागा परवा-परवापर्यंत फडातले शेत होती. मामलेदारसाहेब साताऱ्याकडचे, इकडे नवे, म्हणून सांगतो. पांझरेवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि त्या चाऱ्यांवर सगळ्यांनी मिळून करायची शेती, तिला आम्ही फड म्हणतो. पाणी कोणाला केव्हा, ते पंच ठरवतात. त्या पाळीला आम्ही बारी म्हणतो. पेशवाई गेली, साहेब आला, पण बारी बदलली नाही. आणि या पाण्यावर नुसती वांगी-मिरची पिकते, असे समजू नका. चैत्र-वैशाखात आपल्या गावाला गार वाऱ्याची झुळूक लागते ती या मळ्यांवरून. गल्लीतल्या विहिरींना पाझर फुटतो तो याच पाटाचा. यंदा तुमच्या घरातल्या रहाटाच्या दोराला जोड लावावी लागली की नाही? कनातीपलीकडून हुंकार आला. पुरुष मंडळी गप्प आहेत, कारण पाणी शेंदायचे काम त्यांच्याकडे नाही.

तर नाना एकदा जळगावला गेले, आणि तिथे एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांनी कारंजे पाहिले. जळगावात आहे आणि धुळ्यात नाही, हे धुळ्याचा माणूस कसे सोसणार? नानांच्या शब्दावर मंडळाने शेत घेतले. बांधावरचे निंब तोडले, आंब्याची दोन झाडे तोडली. कशासाठी? तर बाग करायची म्हणून! झाडे तोडून बाग करणारे दुसरे गाव आपल्या पाहण्यात आहे का? मग मुरूम पसरला, लोखंडी कठडा आला, मुंबईहून कारंजे आले. त्यावरचा दगडी बगळा चोच वर करून उभा आहे. बिचाऱ्याने अजून पाण्याचा थेंब पाहिलेला नाही.

हेही सोसले असते. पण या बागेतून भिकुबाईच्या मळ्याची चारी जाते. भिकुबाई एकटी बाई, भाजीपाल्यावर पोट. तिच्या बांधावरच्या आमराईत बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसे आणि बैल दुपार काढतात. गावाला एवढी एकच सावली उरली आहे. आणि मंडळाने काय केले? आजच्या समारंभात पाहुण्यांच्या जोड्यांना चिखल लागू नये म्हणून पंधरा दिवसांपूर्वी चारीच्या तोंडाशी माती लोटली, आत मुरूम भरला, आणि वर सतरंजी अंथरली. पहिल्या रांगेतल्या मंडळींनो, तुमचे पाय या क्षणी भिकुबाईच्या चारीवर आहेत.

तिच्या बाऱ्या कोरड्या गेल्या. वांगी वाळली, आंब्याचा मोहोर गळतो आहे. आज पंगतीला भरीत आहे, आणि धुळ्यात भरताला वांगी परगावाहून आणली आहेत, ही लाज कोणाला सांगायची?

मंडळाकडे मी खेटे घातले. उत्तर एकच, "समारंभ होऊ द्या." परवा भिकुबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "गिरधरभाऊ, मना जित्ता आंबा मरी राह्यनात. तुमना दगडना बगळाले बाग पायजे का?"

मी म्हणालो, "अक्का, मोठ्या माणसाचा समारंभ आहे. थोडा दम धरा."

"मानूस मोठा शे, मंग बारी धाकली शे का? पानी कोना बापनं नही भाऊ, बारीनं शे."

मंडळी, मी वकील माणूस, पण असा युक्तिवाद मी कोर्टातही ऐकला नव्हता. संताप आला तो तिचा नव्हे, आपल्या सगळ्यांचा.

आणि मला माझे लग्न आठवले. हसू नका. तेव्हा नाना पंच होते, रावसाहेब झाले नव्हते. आमचा मांडव असाच फडात, चारीला लागून. पंगत बसली आणि नेमकी त्याच वेळी खालच्या मळ्याची बारी आली. माझे वडील हात जोडून धावले, "नाना, घटकाभर पाणी थांबवा." नाना काय म्हणाले? "लगीन तुमनं शे, बारी गावनी शे." आणि पाणी सोडले! वऱ्हाडी उकिडवे बसून, पत्रावळी हातात धरून जेवले. माझे सासरे ती ओली जिलबी अजून विसरलेले नाहीत. त्या दिवशी मला नानांचा विलक्षण राग आला, आणि त्यांच्याविषयीचा आदरही तिथेच जडला. आज त्याच नानांचा सत्कार करायला मी आलो, आणि ते नाना मला या मंडपात सापडत नाहीत. फार वाईट वाटते हो.

मंडळ नानांना शाल देणार, चांदीचे तबक देणार. पंचांनी काय द्यावे? आज सकाळी आम्ही पंच पारावर बसलो. आजची बारी भिकुबाईची. नानांनी माझ्या लग्नात घालून दिलेला दंडक आम्ही पुढे ठेवला, आणि एकमताने पाळला. पाणी सोडणाऱ्या पाटकरी मगनने दुपारी चारीच्या तोंडची माती काढली. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पाणी वरच्या फडात होते. मगन आता सतरंजीखालचा मुरूम उपसायला फावडे घेऊन कनातीशी उभा आहे. नाना, तुम्ही मान वळवलीत. पाण्याचा आवाज अजून तुम्हालाच आधी कळतो!

अध्यक्ष महाराज, घंटी वाजवू नका, आवरतोच. मला बोलू दिलेत, आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात अधिक-उणे झाले असेल तर ते माझ्या पदरी टाका आणि मोठ्या मनाने क्षमा करा. बारीत मात्र अधिक-उणे काही झालेले नाही. पहिल्या रांगेने तेवढे आपले जोडे हातात घ्यावेत.

नाना, अहो, तुम्ही कुठे निघालात? धोतर खोचून? थांबा, थांबा, सतरंजीचे दुसरे टोक मी धरतो.