फोनवरचा होकार

उत्तर कॅनडातल्या पँगनिर्टुंग गावच्या दवाखान्यात उलूसी म्हातारी आणि तिची भाची नीवी माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या होत्या. नीवी आमच्या इनुइट भाषेतल्या टीव्हीवर कार्यक्रम करते.

“मावशी, टीव्हीबद्दल विचारायला सरकारचा फोन आला होता ना तुला?”

“आला होता की. बाई मोठी गोड बोलत होती.”

“काय विचारलं?”

“आपल्या भाषेतला टीव्ही बघता का, म्हणून.”

“मग?”

“मग काय! तुझा कार्यक्रम तर मी चहा गार होईस्तोवर बघते.”

“हे सांगितलंस तिला?”

“सांगितलं म्हणजे, या अशा भुवया वर केल्या.”

“मावशी! फोनवर?”

“जन्मभर आपण ‘हो’ असंच म्हणतो ना गं?”

“अगं, तिला तुझ्या भुवया कशा दिसणार? गावातल्या एकतीस म्हाताऱ्यांच्या नावांपुढं तिनं ‘उत्तर नाही’ असं लिहिलंय. बघणारं कुणी नाही म्हणून सरकार अनुदान बंद करेल. मग समुद्रावरचा बर्फ कुठं पातळ झालाय, ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगणार कोण?”

“तरीच ती सारखी ‘हॅलो, हॅलो’ करत होती. मला वाटलं, बहिरी आहे बिचारी.”

“हसू नकोस. हातापाया पडून तिला कबूल करवलंय. उद्या ती परत फोन करेल, शेवटचा. तोंडानं बोलायचं, कळलं? हे बघ, मी डोळे मिटले. मी ती फोनवरची बाई. सांगा आजी, बघता का टीव्ही?”

म्हातारीनं गंभीरपणे दोन्ही भुवया होतील तेवढ्या वर केल्या.

“हॅलो?” डोळे मिटूनच नीवी म्हणाली. “हॅलो?”