एका गुणाने आत, एका गुणाने बाहेर

...आणि वर मलाच विचारतात हो, "सर, तुम्ही हे होऊ कसं दिलंत?" होऊ दिलं? अहो, होऊ दिलं काय, मार्गदर्शक होतो मी त्याचा! कॉलेजातला ऑनर्स कार्यक्रम काही कामाचा नाही असं ज्या प्रबंधात लिहिलंय, तो लिहिला ऑनर्सच्याच मुलीने, आणि तो तपासून, घासूनपुसून, वर 'विशेष प्रावीण्य' देणारा गाढव कोण, तर ऑनर्सचा प्रमुख. म्हणजे अस्मादिक! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ पाहिलेत मी, पण धोंडा बरोबर जागी पडतोय ना, हे वाकून बघणारा मी एकटाच.

तुम्हाला सांगतो, मुलं हुशार आहेत हो. तीच तर पंचाईत आहे.

आता ऑनर्स म्हणजे काय? तर पहिल्या वर्षी एक परीक्षा घ्यायची, वरची वीस मुलं उचलायची आणि त्यांना इतरांपेक्षा जास्त त्रास द्यायचा. बस्स! जास्त वाचा, जास्त लिहा, शेवटच्या वर्षी प्रबंध. आणि हे चालवायचं कोणी? जो मीटिंगला उशिरा येईल त्याने! खोटं नाही सांगत. मी दार उघडलं तर सगळा स्टाफ माझ्याकडे बघून गोड हसत होता, तिथेच ओळखायला हवं होतं... प्राचार्य म्हणाले, "बघा, मी काय म्हणतो, हा मान आहे." मान! रोजचे तास तसेच, पेपरांचे गठ्ठे तसेच, आणि वर हा मान.

खोली दिली जिन्याखालची. आधी तिथे मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या असायच्या. खुर्च्या गेल्या, वास राहिला. खिडकी एकच, ती उघडत नाही, आणि चुकून उघडली तर बंद होत नाही. बसायला काही नाही, म्हणून मी घरचा सोफा नेला. घरचा म्हणजे बायकोच्या माहेरचा! ती म्हणाली, "अहो, पाहुणे आले तर बसवायचं कुठे?" मी म्हटलं, "आपल्याकडे येतंय कोण?" आणि काय जीभ होती बघा, त्यानंतर खरंच कोणी आलं नाही.

पण खरं सांगू? मला ती खोली फार आवडायची. अहो, बाकीच्या वर्गात मी बोलतो आणि साठ डोकी मोबाईलमध्ये! मी मेलो तरी हजेरी झाली का एवढंच विचारतील. आणि इथे? सोफ्यावर चौघं, जमिनीवर बाकीची, आणि कोणीतरी फाडकन म्हणायचं, "सर, तुमचं चुकतंय." काय गोड वाटायचं ते! शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा तरी कोणी उठायचं नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मास्तर असल्यासारखं मला तिथेच वाटलं. बाकी ठिकाणी मी नुसता पगारी आवाज.

आणि मी त्यांना शिकवलं काय? एकच. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. कोणीही काही ठोकून दिलं की समासात लाल पेनने मी लिहिणार, 'पुरावा?' मुलांनी माझं नावच ठेवलं, पुरावा सर. मला वाटायचं, वा, काय कमावलंय आपण! कमावलं कसलं... विष कालवत होतो स्वतःच्या ताटात.

मग आली भिंगरी. आम्हीच तिला म्हणायचो तसं, बसली तरी एक पाय नाचतच असायचा. म्हणते, "सर, माझा विषय आपला ऑनर्स. याचा उपयोग होतो का, ते बघायचंय." मला तर आनंदच झाला! कारण नेमके तेव्हाच प्राचार्य सुरू झाले होते, "बघा, मी काय म्हणतो, वीस मुलांसाठी केवढा खटाटोप. आढावा समिती येतेय. ती ठरवेल ठेवायचं की नाही." मी म्हटलं, येऊ दे समिती! आपल्याकडे हुकमाचा एक्का आहे. ही पोरगी असं काही सिद्ध करेल की तोंडात बोटं घालतील सगळे.

घातली हो. माझ्या डोळ्यात घातली!

तिने काय करावं? परीक्षेत एका गुणाने आत आलेली मुलं शोधली आणि एका गुणाने बाहेर राहिलेली शोधली. सगळ्या जुन्या तुकड्यांमधली! म्हणे, "सर, यांच्यात फरक किती? एक गुण. म्हणजे एक प्रश्न कोणाचा तरी अंदाजपंचे बरोबर आला, एवढाच. मग पुढे कोण कुठे पोचलं ते बघू." गेली, भेटली, फोन केले, आणि एक दिवस सोफ्यावर येऊन बसली. "सर, काही फरक नाही."

"काहीच नाही?"

"आहे ना. बाहेर राहिलेली झोपतात जरा बरी."

मी म्हटलं, अजून मुलं घे. घेतली. तेच! म्हटलं, वेगळ्या पद्धतीने मांड. मांडलं. तेच! तुम्हाला सांगतो, मुलं हुशार आहेत, तीच तर पंचाईत आहे, एखादी ढ असती तर कुठेतरी बेरजेत चुकली असती आणि मी वाचलो असतो...

शेवटी तिलाच माझी दया आली असावी. शेवटच्या पानावर तिने एक वाक्य टाकलं, 'तरीही हा कार्यक्रम मुलांना घडवतो.' वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आणि हात? हा मेला हात! सवयीचा गुलाम! लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'पुरावा?'

दुसऱ्या दिवशी आली. "सर, राहू द्या ना ते वाक्य. समितीवाले शेवटचंच पान वाचतात." आणि तिचा पाय, जो तीन वर्षं नाचत होता तो, स्थिर! मला फक्त 'राहू दे' म्हणायचं होतं. माझी खोली वाचली असती, सोफा वाचला असता, फाडकन बोलणारी ती सगळी कार्टी वाचली असती. आणि मी म्हटलं, "काढ."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, एका वाक्याने काय आभाळ कोसळणार होतं?" म्हटलं, "अगं, मग इतकी वर्षं मी शिकवलं काय?"  तिने पातेल्यावर झाकण जोरात आपटलं.

समिती आली. शेवटचं पान वाचलं. चहा प्याली, गेली. प्राचार्यांनी बोलावलं. "बघा, मी काय म्हणतो, प्रबंध अप्रतिम आहे."

मी म्हटलं, "मग झालं तर! असा प्रबंध जिथे तयार होतो तो ऑनर्स चांगलाच म्हणायचा ना?"

"पण प्रबंध म्हणतो उपयोग नाही."

"मग चुकला म्हणा प्रबंध!"

"असं कसं? चुकला असेल तर तुमची निवडक मुलं चुकीचे प्रबंध लिहितात. मग तर बंदच करायला हवा."

 इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही माझ्याच हाताने खणलेली!

भिंगरी आली, डोळे पुसत. "सर, मी तुमचं वाटोळं केलं." म्हटलं, "वेडी आहेस का? बरोबर लिहिलंस तू." तर म्हणते, "पण सर, मला खरंच उपयोग झाला हो इथे." आणि माझ्या तोंडून काय निघावं? सांगा ना, काय निघावं? "पुरावा?"

हसलीही आणि रडलीही. मग गेली, पुढे शिकायला, दूर. मी सोफ्यावर बसून राहिलो, किल्ल्या वाजेपर्यंत.

बरं, संपलं म्हणावं तर नाही. सोफा न्यायला टेम्पो सांगितला, तर प्राचार्यांचा निरोप. "बघा, मी काय म्हणतो, सोफा राहू द्या. तुमचा वेळ मोकळाच झालाय. त्याच परीक्षेतली तळाची वीस मुलं घ्या, कच्च्या मुलांचा जादा वर्ग, तीच खोली. हा मान आहे."

काल पहिला तास झाला. वीसही जणं माना खाली घालून जमिनीवर. सोफा रिकामा! त्यावर बसायची छाती होईना कोणाची. मीही म्हटलं, चला, निदान इथे तरी कोणी काही विचारणार नाही, उरलेली नोकरी सुखाने मरगळत काढू. खडू उचलला, तोच कोपऱ्यातून चोरट्या आवाजात एकजण म्हणाला, "सर, एक विचारू? आम्ही कच्चे, हे कशावरून ठरवलं?"

"परीक्षेवरून."

"मग मला एक गुण जास्त पडला असता, तर मी कच्चा नसतो?"

खडू खाली ठेवला मी. म्हटलं, बाबा, तू वर बस. सोफ्यावर.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय हो, कशी आहेत कच्ची मुलं?" म्हटलं, टेम्पोवाल्याचा नंबर जपून ठेव, हाही वर्ग बंद पडणार. मुलं हुशार आहेत हो... सगळीच!